निळ्या चिठ्ठ्या, पिवळ्या चिठ्ठ्या

ता. २, शनिवार
वेतकामाची खोली, तळमजला

चि. टिल्ली हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस, त्यातलं दीड पान मला कळलं. तू प्रबंध लिहितेयस, आणि विषय काय, तर हल्लीच्या कादंबऱ्यांत वस्तूंच्या हावेपायी घरातली माणसं एकमेकांपासून कशी तुटतात. याला तुला तीन वर्षं लागणार हे वाचून मला हसू आलं. अगं, काखेत कळसा नि गावाला वळसा! तुझा बाप आणि तुझी आत्या तीन दिवसांत शिकवतील. शाळेत मी तिसरीपर्यंतच टिकले, पण हा विषय माझा तोंडपाठ आहे.

फोन का उचलत नाही म्हणून विचारलंस. फोनवर बोललेलं तुझा बाप दुसऱ्या दिवशी नाकारतो. कागदावरचं नाकारता येत नाही. शिवाय पत्रात मध्येच कुणी बोलत नाही, हे सुख मला या वयात मिळालंय, ते सोडायचं नाही.

आता बातमी. घरमालकाला वरच्या दोन खोल्या हव्यात, महिनाअखेर रिकाम्या करायच्या. खालची कामाची खोली माझ्याकडेच राहील. खाट खाली येईल, शेगडी खाली येईल, वेताच्या जुड्या आणि भिजवायची टाकी तिथे आहेच. मी त्यात मावते. तू रडायला बसू नकोस, मी बसले नाही. जिना सुटला म्हणून मी मालकाचे आभार मानले, तर त्याला वाटलं मी टोमणा मारला.

वरचं सामान मात्र खाली मावत नाही. जेवणाचं मोठं टेबल, शिवणयंत्र, भिंतीवरचं घड्याळ, दोन ट्रंका आणि आरशाचं कपाट. म्हणून मी शक्कल काढली. तुझ्या बापाला निळ्या कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या, आत्याला पिवळ्या. ज्याला जे हवं, त्या वस्तूला खालून चिठ्ठी लावा म्हटलं. मला वाटलं, त्या निमित्तानं दोघं एका दिवशी येतील. कुठले! हा सकाळी दहाला आला, ती दुपारी चारला. हा मापाची टेप घेऊन, ती कॅमेरा घेऊन. माझ्याकडे चहा दोघांनी प्यायला, पण मी कशी आहे हे विचारायला दोघांनाही सवड झाली नाही.

तुला सांगून ठेवते, मला सामानाचं काही नाही. दोन वर्षं झाली, तुझा बाप सख्ख्या बहिणीच्या दारात गेलेला नाही. ती त्याच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडते. माझे हातपाय चालतायत तोवर, तो कुणी न बोलावता, आपल्या पायांनी तिच्या दारात गेला पाहिजे. एवढं मी करून दाखवणार. कसं ते अजून ठाऊक नाही.

जेवत जा. पुस्तकं खाऊन पोट भरत नाही.

आहे तेवढी माया ठेव, वाढली तर कळव.
तुझी आजी


ता. ६, बुधवार
मुलींचं वसतिगृह, खोली नऊ

ती. आजीस टिल्लीचा वाकून, पण गुडघे न दुखवता नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा हसून वाचलं आणि तिसऱ्यांदा घाबरून. आजी, तू हे काय करून बसलीस? चिठ्ठ्या! माझ्या तिसऱ्या प्रकरणात नेमकं हेच आहे. आतापर्यंत मी अकरा कादंबऱ्या वाचल्या. अकराही कादंबऱ्यांत आधी सामान वाटलं जातं आणि नंतर माणसं एकमेकांना कधी भेटत नाहीत. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, हल्लीच्या गोष्टींतल्या घरांमध्ये वस्तू खुर्चीवर बसतात आणि माणसं उभी असतात. मला ते वाक्य फार आवडलं होतं. आता आपल्याच घरात ते खरं होताना बघून आवडत नाही.

बाबांचा फोन दर दिवसाआड येतोय. पूर्वी मी जेवले का विचारायचे. परवा त्यांनी विचारलं की आरशाचं कपाट आजीनं नेमकं कुणाला तोंडी कबूल केलं होतं ते मला आठवतं का. मी तेव्हा चार वर्षांची होते म्हटलं. तर म्हणाले, आठवून बघ.

खरं सांगू, बाबा आणि आत्या का बोलत नाहीत हे मला अजून नीट कळलेलं नाही. आई म्हणते सोफ्यावरून. आत्या नव्या घरात राहायला गेली तेव्हा बाबांनी आपल्या शोरूममधला सोफा भेट पाठवला, आत्यानं तो त्याच गाडीतून परत पाठवला. पुढचं आई सांगत नाही, भांडी घासायला उठते. एका सोफ्यावरून भावंडं तुटतात हे मी प्रबंधात लिहिलं तर बाई म्हणतील, पुरेसं कारण द्या.

चिठ्ठ्या काढून टाक ना. अजून वेळ गेलेली नाही.

लोभाचा ओघ आटू नये, ही विनंती.
तुझी टिल्ली


ता. ११, सोमवार
वेतकामाची खोली

चि. टिल्लीला आशीर्वाद, थोडे रागाचे.

वेळ गेलेली आहे. चिठ्ठ्यांनी घर भरलं. तुझ्या बापानं टेबलाखाली निळी लावली, तर आत्यानं तिच्यावर पिवळी डकवली. मग त्यानं दुकानातला लाकूड चिकटवायचा गोंद आणून पिवळीवर निळी बसवली, ती आता कुऱ्हाडीनंही निघायची नाही. घड्याळाच्या पोटात पिवळी सापडली, म्हणून घड्याळ बंद पडलं होतं. माझ्या खाटेला निळी, चष्म्याच्या डबीला पिवळी. काल मी आरशात पाठ फिरवून बघितली, म्हटलं इथेही कुणी लावली असेल. नव्हती. म्हातारी कुणालाच नको, म्हणजे मी निर्धास्त.

सोफ्याचं विचारलंस, तर ऐक. आत्याचा धंदा लोकांची घरं सजवण्याचा. तिच्या घरी पहिल्या दिवशी तिचीच गिऱ्हाइकं जमलेली. त्यांच्यासमोर सोफा उतरला आणि एका बाईनं खालची पट्टी वाचली, ‘मांडणीतला नमुना’. म्हणजे दुकानात वर्षभर लोकांनी बसून बघितलेला. आत्याचं तोंड एवढंसं झालं. सोफा परत गेला. तुझ्या बापानं तो पुन्हा दुकानात दर्शनी मांडला, ती येता-जाता बघेल असा. तेव्हापासून दोघंही शहाणी मुक्यानं राहतात. भांडतही नाहीत, तेच वाईट. भांडणारी माणसं निदान एका खोलीत असतात.

आता माझं काम सांगते. वाचनालयाच्या तीन लांब बाकांच्या बैठकी विणायला आल्यात. दोन झाल्या. तिसरीचे उभे आणि आडवे पदर झाले, तिरके राहिले, तोच माझी जोडीदारीण मनगट मोडून घरी बसली. खुर्ची एकटीनं विणता येते, लांब बाक नाही. एकानं वर बसून वेताची पट्टी लाकडी चौकटीच्या भोकातून खाली सोडायची, दुसऱ्यानं बाकाखाली उताणं पडून ती ओढायची आणि पुढच्या भोकातून वर द्यायची. बावीस तारखेला वाचनालयाची गाडी येणार. मी खाली झोपले तर मला काढायला गाडी लागेल.

तुझा बाप आणि आत्या दोघंही हे काम दूध पिता पिता शिकलीत. मी दोघांना सारखं पत्र टाकलंय की आईला मदत हवी आहे, आणि मदतीला न येणाऱ्याची चिठ्ठी कपाटावर राहणार नाही. आईसाठी येतील की कपाटासाठी, ते मी विचारणार नाही. बोट मोडलं की हाड बसवायचं, ते कशानं मोडलं त्याची कीर्तनं करत बसायचं नाही.

थंडीत डोकं झाकत जा.

प्रेम असू दे, आणि पाकिटाला पुरेसं तिकीट लावत जा, मागच्या वेळी दंड मी भरला.
आजी


ता. १३, बुधवार
फर्निचर शोरूम, कार्यालय

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दुकानात हंगाम आहे, तरी तुझा शब्द म्हणून मी येईन. फक्त एक व्यवस्था कर. मी दहा ते एक काम करीन, छोटीला दोननंतर बोलाव. आमची गाठ पडू नये, उगाच तुझं रक्त उसळायचं.

कपाटावर पहिली चिठ्ठी माझी होती, हे तू जाणतेस. माझ्या बैठकीच्या खोलीतली भिंत मी त्याच्यासाठी मोकळी केली आहे, रंगही तसाच लावला. मला कपाटाचा मोह नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

कळावे, कृपा आहे तशीच राहू दे.
तुझा मुलगा


ता. १३, बुधवार

ती. आईला नमस्कार. वि. वि.

अगं, तू बोलावलंस आणि मी आले नाही असं कधी झालंय का? येते. पण दादाला सकाळीच उरकून जायला सांग, मी दोननंतर येईन. त्याच्या तोंडाला लागायची माझी इच्छा नाही आणि तुझ्या वयाला ते झेपायचं नाही.

कपाटाचं म्हणशील, तर त्या आरशात मी पहिल्यांदा वेणी घातली. दादानं त्यात काय बघितलं, स्वतःचं पोट? मी त्या कपाटाचे फोटो काढून एका मासिकालाही पाठवलेत. मी काही हावरी नाही, आई. तत्त्वाचा प्रश्न आहे.

मायेला खंड नको, एवढंच मागणं.
तुझी छोटी


ता. २२, शुक्रवार
वेतकामाची खोली

चि. टिल्लीस आशीर्वाद. आज सढळ हातानं देतेय.

दोघांची पत्रं एका टपालात आली, दोघांना एकच तत्त्व सुचलेलं. एका पोटची आहेत याची खात्री पटली. मी दोघांना एकेक ओळ पाठवली की काम दहालाच सुरू होईल, एक वर आणि एक खाली, उशिरा येणारा खाली झोपेल. आत्या पावणेदहाला येऊन बसली. तुझा बाप दहा वाजून पाच मिनिटांनी आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. गेला बाकाखाली. पोट मध्ये येत होतं, तरी गेला.

पहिले दोन दिवस दोघं एक अक्षर बोलली नाहीत. आता वरच्यानं कोणत्या भोकातून पट्टी सोडली हे खालच्याला कळायला तर हवं. तर आत्या लाकडावर नखानं टकटक करायची. एकदा टक म्हणजे ओढ, दोनदा म्हणजे थांब. हा खालून तसंच टकटक करून उत्तर द्यायचा. दोन दिवस माझ्या खोलीत नुसते सुतारपक्षी! ओला वेत सुकला की हातात तुटतो, म्हणून मी मधूनमधून पाणी शिंपडत होते. दोघांच्याही अंगावर थोडं जास्तच शिंपडलं.

आता गंमत ऐक. वेतकामात तिरके पदर दोन असतात, एक या कोपऱ्यातून, एक त्या कोपऱ्यातून. एक उभ्या पदरांवरून जातो, दुसऱ्यानं उभ्यांच्या खालून जायचं असतं. तेव्हाच ते एकमेकांत सरकून बसतात. उजव्या कोपऱ्यातून तुझ्या बापानं सुरुवात सांगितली, म्हणजे टकटकीनं सांगितली. डाव्या कोपऱ्यातून आत्यानं आपली केली, ती डावखुरी. दोघांनीही आपला पदर वरूनच नेला. खालून जायला कोण तयार होणार? तिसऱ्या दिवशी सगळी बैठक अडली. पट्टी ओढली की कचकन चावायची, पुढे जाईना.

मला हे पहिल्याच ओळीत दिसलं होतं. मी चहा पीत बसले.

मग उसवायची वेळ आली. विणताना टकटकीवर भागतं, उसवताना नाही. कोणती पट्टी आधी सोडवायची हे तोंडानं सांगावंच लागतं, नाहीतर चांगली पट्टी तुटते. आत्या पहिलं वाक्य काय बोलली असेल? तुझा बाप लहानपणीही असाच आडमुठा होता, असं ती बाकाला उद्देशून म्हणाली. त्यानं बाकाखालून सांगितलं की डावरेपणाला अक्कल म्हणत नाहीत. आणि टिल्ली, मग बांध फुटला. दोन वर्षांचं साठलेलं असं बाहेर पडलं की शेजारचा चांभार विचारायला आला, पोलिसांना बोलावू का. मी त्याला म्हटलं, खबरदार, बऱ्याच दिवसांनी घरात आवाज होतोय.

सोफा निघालाच. आत्यानं विचारलं, बहिणीला नमुना देताना लाज कशी वाटली नाही. तुझ्या बापानं हातातली पट्टी सोडली. मग बाकाखालून आवाज आला की नवा द्यायचा म्हणूनच तो गोदामात गेला होता, पण चांगला सोफा बघितला आणि त्याच्या जिवावर आलं. दुकानदाराच्या हातून माल सुटत नाही, भावाच्या हातून सुटायला हवा होता, असं तो म्हणाला. आत्या एकदम खाली बसली. म्हणाली की तिलाही सोफ्याचं वाईट वाटलं नव्हतं, बसायला छान होता. गिऱ्हाइकांसमोर पट्टी दिसली याचं वाईट वाटलं. त्या बायका तिथे नसत्या, तर ती पट्टी फाडून सोफ्यावर झोपली असती.

दोघंही खरं बोलली आणि दोघंही सारखीच कोती निघाली. बरोबरी झाली. दोन दिवसांत त्यांनी असे तिरके पदर घातले की वाचनालयाच्या माणसानं सगळ्यांत चांगलं बाक म्हणून तेच पुढच्या रांगेला ठेवायचं ठरवलं.

मला वाटलं, झालं. माझीच नजर लागली. आज बाक गेलं आणि पाठोपाठ दोघांचे हमाल कपाट न्यायला हजर! चौघांनी मिळून कपाट जिन्यापर्यंत आणलं. पुढे जाईना. उभं जाईना, आडवं जाईना, तिरकं जाईना. तेव्हा मला आठवलं की तुझ्या आजोबांनी सुताराला वरच्या खोलीतच बसवून ते करून घेतलं होतं. ते या घराबाहेर कधी गेलेलंच नाही. खोलायला जावं तर आरसा चौकटीत बसवलेला, फुटतो. तुझ्या बापानं आपली भिंत मोजली होती, आत्यानं फोटो मासिकाला पाठवले होते. जिना मोजायचं दोघांनाही सुचलं नाही, आणि एक जण फर्निचर विकतो, एक घरं सजवते!

झालं, पुन्हा तोंडं फुगली. हा म्हणाला तुझ्या हमालांनी कोपरा ठोकरला, ती म्हणाली तुझ्या. हा एका बाजूनं गेला, ती दुसऱ्या. कपाट वर, मी खाली.

मी अजून पाय मागे घेतलेला नाही.

ममता राखून राहा.
आजी


ता. २५, सोमवार
मुलींचं वसतिगृह

ती. आजीस नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. रागावू नकोस. त्या बाकाच्या भागाला खूप हसल्या आणि शेवटी म्हणाल्या की हेच तर, वस्तू शेवटी जिंकतेच. मला त्यांना खोटं पाडावंसं वाटलं.

बाबांचा फोन आला होता. कपाटाबद्दल बोलले नाहीत, आत्याबद्दलही नाही. नुसतं म्हणाले की बाकाखालून वर बघितलं तर वेताच्या जाळीतून छोटीचं नाक अजून तसंच दिसतं, लहानपणी दिसायचं तसं. मग लगेच दुकानात गिऱ्हाईक आल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला. मागे गिऱ्हाइकाचा आवाज काही आला नाही.

महिना संपायला सहा दिवस राहिलेत. आजी, हरलीस का? हरली असशील तरी मला तूच आवडतेस.

आपुलकीची ऊब राहू दे.
टिल्ली


ता. ३०, शनिवार
छोटीचं घर

ती. आईस,

साष्टांग नमस्कार आज मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र आम्ही दोघं मिळून लिहीत आहोत आणि शोरूमच्या गाडीतून हातोहात पाठवत आहोत, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

आज सकाळी मी तुझ्याकडे आलो, तर वरच्या खोल्यांत मालकाची नवी भाडेकरू, एक नर्स, आपल्या दोन जुळ्या मुलींना घेऊन राहायला आलेली. आणि आपल्या आरशाच्या कपाटात तिचे गणवेश! तिनं मला तुझ्या हातचा कागद दाखवला की हे कपाट तिला कायमचं दिलं आहे. बाकीचंही तिनंच सांगितलं. टेबल वाचनालयाला गेलं. शिवणयंत्र तुझ्या त्या मनगट मोडलेल्या बाईला. घड्याळ चांभाराला! आई, चांभाराला! मी तडक छोटीकडे आलो. चप्पल कुठे काढली ते आता सापडत नाहीये.

(आई, पुढचं मी लिहितेय. दादा रागानं पेन दाबून कागद फाडतोय, अक्षर तुला लागणार नाही. दार उघडलं तर हा उंबऱ्यात उभा, एका पायात मोजा. मी काही विचारायच्या आतच म्हणाला की आईनं आपल्याला लुटलं. आपल्याला म्हणाला. मी ते लक्षात ठेवलंय. तू आम्हा दोघांना काय दिलंस ते तरी सांग. आम्ही सगळी यादी तपासली, तुझी पोटची पोरं त्यात कुठेच नाहीत.)

हे योग्य नाही. मी आणि छोटी या बाबतीत पूर्ण एकमतानं तुझा निषेध करतो. बुधवारी दुकान बंद असतं. बुधवारी आम्ही दोघं एकाच गाडीनं येऊन तुला जाब विचारणार आहोत. तयारीत राहा.

(आणि आई, दादा इथेच जेवला. दोनदा वाढून घेतलं. जाब विचारताना तो विसरेल म्हणून आधीच सांगते.)

तुझा मुलगा
तुझी मुलगी
(दोघांच्याही सह्या.)


ता. १, सोमवार
वेतकामाची खोली, खाट आणि मी

चि. टिल्लीस विजयी आजीचे आशीर्वाद, मोजू नकोस, हवे तेवढे घे.

सोबत तुझ्या बापाचं आणि आत्याचं पत्र पाठवतेय. नीट वाच आणि परत कर, ते मला हवंय. एकाच कागदावर दोन अक्षरं! वरच्या कोपऱ्यात पत्ता वाच. वाचलास? छोटीचं घर. तो कुणी न बोलावता गेला, धावत गेला, एक मोजा घालून गेला. मी फक्त चालत जायची अट घातली होती.

मी हे सगळं आधीपासून ठरवलं होतं असं तुझ्या बाईंना खुशाल सांग, त्यांना मी हुशार वाटेन. तुला मात्र खरं सांगते. ठरवलं बिरवलं काही नव्हतं. कपाट उतरत नव्हतं आणि महिना संपत होता. नर्स सामान घेऊन आली, तिच्याकडे कपडे ठेवायला दोन पेट्या, अंगावर दोन पोरी. मी म्हटलं, घे बाई, ते तसंही तुझ्याच खोलीत राहणार. दिल्यावर मला असं हलकं वाटलं की मग हात थांबेना. टेबल दिलं, ट्रंका दिल्या, यंत्र दिलं, घड्याळ दिलं. घड्याळाच्या पोटातली पिवळी चिठ्ठी काढल्यावर चालू झालं, चांभार खूश आहे.

आणि दोघांना काय दिलं म्हणून विचारतायत, तर दोघांना अगदी सारखं दिलं. काहीच नाही. एकाला काडीभर कमी नाही, एकाला काडीभर जास्त नाही. आता कशावरून भांडणार? माझ्यावरून भांडतायत, माझ्याशी, आणि एका बाजूला उभं राहून. अर्धं आयुष्य मी या दोघांना एकमेकांचं ऐका म्हणून सांगत आले, कुणी ऐकलं नाही. आईला शिव्या द्यायच्या म्हटल्यावर बघ कसं एकमत झालं! माहीत असतं तर मी चांगली आई कशाला झाले असते?

ही दोघं सुधारली असं समजू नकोस. तुझा बाप उद्याही माल सोडताना कचरेल आणि आत्या गिऱ्हाइकांसमोर नाक वर करील. स्वभावाला औषध नाही. पण आता एकमेकांच्या ताटात जेवून कचरतील आणि नाक वर करतील, तेवढं मला पुरे. तुझ्या त्या अकरा कादंबऱ्यांतल्या म्हाताऱ्यांनी सामान दोघांत वाटलं, तिथेच त्या फसल्या. असं तुझ्या प्रबंधात लिही आणि खाली माझं शिक्षण लिही, तिसरी.

तुझी काळजी कळली. हरले का म्हणून विचारलंस, त्याचा मला राग आला नाही, पण पुन्हा विचारू नकोस.

परवा दोघं जाब विचारायला येतायत. कामाच्या खोलीत बसायला एकच बाक आहे, वाचनालयाचं नाही, आमचं जुनं, त्यावर दोन माणसं चिकटून बसली तरच मावतात. तिसरं काही बसायला मी ठेवलेलं नाही. मी खाटेवर बसेन आणि दोघांचं सगळं ऐकून घेईन. मोठ्यानं ओरडले तर फारच चांगलं, हल्ली मला एका कानानं कमी येतं.

तू शनिवारी ये. तोवर त्यांचं ओरडून झालेलं असेल, नाहीतर तुलाही ऐकायला मिळेल.

लोभ भरपूर आहे, ठेवायला जागा कमी, तेव्हा लवकर येऊन घेऊन जा.
तुझी,
सगळं वाटून मोकळी झालेली
आजी